दोन इंजिनांचं छोटं विमान घ्यावं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून आपल्या भागातून विमानाबद्दलची पत्रं वाढलीच आहेत. आधी तिकिटाचे प्रश्न यायचे, आता लोक स्वतःचं विमान घेण्याचं विचारायला लागले, आणि या वेळी आलेल्या पत्रांत बरीचशी दोन इंजिनांच्या छोट्या विमानाबद्दलची आहेत. माझं आयुष्य अशाच विमानांच्या देखभालीत गेलं, म्हणून संपादकांनी उत्तरं माझ्याकडे दिली. नावं छापत नाही, फक्त तालुका किंवा जिल्हा देतो.

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): साहेब, आमचं जिनिंग हाय. कापसाच्या कामानं हैदराबाद, इंदूर, पुणे फिरणं सुरूच राह्यते. माह्याजवळ पीपीएल (खाजगी पायलटचं लायसन्स) हाय, एका इंजिनाच्या विमानावर हात बसला हाय. साळा अमेरिकेत राह्यते, त्यानं पाइपर ट्विन कोमांचीची जाहिरात पाठवली, १९६६ चं मॉडेल, सत्तर हजार डॉलर म्हणते. एवढ्यात जमते आपल्याले. घरची म्हणते एका इंजिनानं जंगलावरून जाऊ नका, दोन असले तर खुशाल जा. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता येते ना? घेऊ का?

उत्तर: भाऊ, पहिले वहिनींच्या म्हणण्याबद्दल बोलतो, डॉलरचं नंतर, कारण विमान घ्यायचं की नाही हे त्याच्यावरच ठरते.

दोन इंजिनांपैकी एक गेलं की ताकद अर्धी जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण विमान चढतं ते उरलेल्या ताकदीवर. नुसतं सरळ उडत राहायलाच बरीच ताकद खर्च होते, त्याच्यावर जे शिल्लक राहते त्यातून चढ मिळतो, म्हणून अर्धी ताकद गेली की चढ मात्र ८० ते ९० टक्के जातो. पाइपर सेमिनोल घ्या, १८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, शिकवायला जगभर वापरतात. पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीला, थंड हवेत एका इंजिनावर ते मिनिटाला जेमतेम दोनशे फूट चढतं, आणि त्याची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग ३,८०० फूट आहे, म्हणजे त्या उंचीला चढ मिनिटाला फक्त ५० फुटांवर येतो. आता आपल्याकडचा हिशेब करा. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फूट उंच. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्री. हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीनं ते जमिनीवर उभं असतानाच जवळपास ४,८०० फुटांवर असतं. म्हणजे चाकं अजून धावपट्टीला टेकलेली आणि एका इंजिनाची मर्यादा आधीच ओलांडलेली! अशा दुपारी पूर्ण वजनानं उडालात आणि शंभर फुटांवर एक इंजिन गेलं तर दुसरं तुम्हाला वर नेणार नाही, फार तर जरा दूर नेऊन उतरवेल.

हा विमानाचा दोष नाही बरं, कायद्यानंच तसं चालतं. अमेरिकेच्या जुन्या नियमांत ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉट (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) किंवा त्याहून कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या, म्हणजे पंखांची उचल तुटणाऱ्या, दोन इंजिनांच्या विमानानं एका इंजिनावर चढलंच पाहिजे अशी अटच नव्हती, किती चढतं किंवा किती उतरतं ते मोजून पुस्तकात लिहायचं एवढंच. जाहिरात देणारा हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट वळण्याची. बैलजोडीतला एक बैल बसला आणि दुसरा ओढतच राहिला तर गाडी सरळ जात नाही, बसलेल्या बैलाकडे फिरते. विमानाचंही तसंच, मेलेल्या इंजिनाच्या बाजूला नाक फिरतं आणि ते रडरनं, म्हणजे पायानं फिरवायच्या शेपटीच्या उभ्या पडद्यानं, धरून ठेवावं लागतं. वेग एका ठरावीक आकड्याच्या खाली गेला की रडर पुरत नाही आणि विमान पाठीवर पडतं. सेमिनोलला तो आकडा ५६ नॉट, स्पीडोमीटरवर लाल रेघ असते, आणि एका इंजिनावर सगळ्यात चांगला चढ ८८ नॉटला, तिथे निळी रेघ. जीव वाचतो तो निळ्या रेघेवर. ते हातात बसायला पाहिजे: मिक्श्चर, प्रोपेलर, थ्रॉटल हे इंजिनांचे दांडे सगळे पुढे, फ्लॅप (पंखाच्या मागच्या झडपा) वर, चाकं वर, मग जो पाय रिकामा पडला त्या बाजूचं इंजिन मेलं असं समजायचं, लगेच काही बंद करायचं नाही, त्या बाजूचा थ्रॉटल हळू मागे घेऊन पाहायचं, आवाजात आणि नाकात काही फरक पडला नाही तर खात्री झाली, मग त्याच बाजूचा प्रोपेलर फेदर करायचा, म्हणजे पाती वाऱ्याला धारेवर उभी राहतात आणि ओढ कमी होते. यातही एक गोम आहे. सेमिनोलवर प्रोपेलर ९५० आरपीएमच्या खाली गेला की आतली पिन अडकते आणि तो फेदर होतच नाही. म्हणजे विचार करत बसायला वेळ नाही. घाबरून चांगलंच इंजिन बंद केल्याचे अपघात जगात पुष्कळ झाले आहेत.

पण वहिनी चुकीचं बोलत नाहीत हेही सांगतो. डिसेंबरच्या सकाळी, टाक्या अर्ध्या, दोघंच माणसं, मेळघाटावर सात हजार फुटांवर असताना एक इंजिन गेलं तर दुसरं इंजिन सोन्याहून मोलाचं. विमान हळूहळू खाली येईल पण अकोला नाहीतर अमरावती गाठायला वेळ मिळेल, एका इंजिनाच्या विमानात तेव्हा खाली फक्त सागाची झाडं दिसतात. धोका आहे तो उड्डाणाच्या पहिल्या दोन मिनिटांत. तेव्हा चाकं वर घ्यायच्या आधी इंजिन गेलं आणि समोर पट्टी शिल्लक असली तर दोन्ही थ्रॉटल बंद करून सरळ समोर उतरायचं, हा निर्णय जमिनीवरच, ब्रेक सोडायच्या आधी, मोठ्यानं बोलून घ्यायचा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उडायचं, नाहीतर उडायचंच नाही. पीपीएलवर मल्टी इंजिन रेटिंग घ्यावं लागेल ते वेगळंच, पण रेटिंग मिळालं म्हणजे झालं असं नाही, दर सहा महिन्यांनी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून एका इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढून सराव करायला पाहिजे. तुमच्या कामाच्या धावपळीत तेवढा वेळ निघणार नसेल तर भाऊ, तुम्ही एका इंजिनाच्या विमानातच जास्त सुरक्षित आहात, हे मी मनापासून सांगतो.

आता साळ्याची जाहिरात. ट्विन कोमांची देखणं विमान, १६० हॉर्सपॉवरची दोन लायकमिंग इंजिनं, तासाला साधारण ६० ते ६५ लिटर पेट्रोल आणि वेग तीनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूरहून हैदराबाद दीड तासात. पण ती १९६३ ते १९७२ या काळात बनली. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, आयातीच्या वेळी विमानाचं वय पाहते, साठ वर्षांच्या विमानाला परवानगी मिळेल ही आशा धरू नका. त्यावर स्वतःच्या वापरासाठीच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. शिवाय एवढं छोटं विमान अटलांटिक ओलांडून आणायला जादा टाक्या आणि अनुभवी फेरी पायलट लागतो, नाहीतर पंख काढून कंटेनरमध्ये. साळ्याला प्रेमानं नाही सांगा.

प्रश्न (बाळापूर, जि. अकोला): आम्ही चौघं मित्र मिळून भारतातलंच जुनं पाइपर सेनेका पाहतो आहे, एका ट्रेनिंग संस्थेचं, व्हीटी नंबरचं. आधीपासूनच इथलं आहे म्हणजे आयातीची भानगड नाही. चार वर्षांपासून हँगरमध्ये उभं आहे, रंग चकाचक आहे, तासही कमीच झाले आहेत. काय पाहू?

उत्तर: चार वर्षं उभं आहे आणि तास कमी झाले आहेत, हे तुम्ही जमेची बाजू म्हणून लिहिलं पण मला त्याचीच काळजी वाटते. उडणाऱ्या विमानाचं इंजिन चांगलं राहतं, उभ्या विमानाचं गंजतं. सुरुवातीच्या सेनेकाला लायकमिंग इंजिनं आहेत आणि लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला असतो, विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं आणि आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत त्याच्यावर गंज धरतो. नंतर चालू केलं की तो गंज लिफ्टर आणि कॅम खरवडतो. सेनेका टू पासून टर्बोवाली कॉन्टिनेंटल इंजिनं आली, त्यात कॅमशाफ्ट खाली आहे म्हणून हा त्रास कमी, पण टर्बोचा आणि एक्झॉस्टचा खर्च वाढतो. तेव्हा पहिले मॉडेल कोणतं ते पाहा.

मग ज्याचा विकण्यात काही फायदा नाही असा एएमई, म्हणजे विमान देखभालीचा लायसन्सवाला इंजिनियर, सोबत न्या. संस्थेचाच एएमई नको, तो कितीही भला असला तरी. त्याला म्हणा ऑइल फिल्टर कापून दाखव. फिल्टरचा डबा कटरनं उघडला की आतला कागद चुणीचुणीचा असतो, तो चाकूनं सोडवून उन्हात पसरायचा आणि तिरपा धरून पाहायचा. काळा गाळ चालतो. चमकणारे बारीक कण दिसले की थांबायचं. लोहचुंबक फिरवा, कण चिकटले तर ते पोलादाचे, म्हणजे कॅम, लिफ्टर, सिलिंडर. नाही चिकटले तर बेअरिंग नाहीतर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असू शकतं. मी लोकांना पाहिलं आहे, लाखोंचा सौदा करताना रंग आणि सीटची कव्हरं अर्धा तास पाहतात आणि हा कागद पाच मिनिटं पाहत नाहीत, तर तुम्ही तसं करू नका.

पुढे कंप्रेशन. ८० पौंड दाबाच्या हवेवर प्रत्येक सिलिंडर किती धरतो ते पाहायचं, इंजिन गरम असताना. साठच्या खाली असेल तर हवा कुठून निसटते ते कान लावून ऐका. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. दोन इंजिनं म्हणजे हे सगळं दोनदा, आणि बिलही दोनदा.

लॉगबुक पहिल्या पानापासून पाहिजे. मधले महिने गायब असतील तर सौदा सोडा. ओव्हरहॉलची तारीखही पाहा, फक्त तास नको. लायकमिंगच्या या इंजिनांना साधारण २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, आणि प्रोपेलरला तर साधारण सहाच वर्षं. म्हणून "इंजिनात अजून हजार तास शिल्लक आहेत" असं कोणी म्हटलं तर तारीख विचारा. एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट म्हणजे एआरसी चालू नसेल तर ते चालू करून द्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका, लेखी. नळीसुद्धा पाहा हं, पंखाखालच्या पिटो नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, चार वर्षांत नक्की केलं असेल, आणि ती बुजली की वेग दिसत नाही, मग वर सांगितलेल्या निळ्या रेघेचा काय उपयोग.

चौघांनी घेणं मात्र मला फार पसंत आहे. विमान उडत राहतं, हँगर आणि विमा वाटला जातो. फक्त करारात आधीच लिहा की इंजिन अचानक गेलं तर पैसे कोण किती आणि किती दिवसांत देणार, आणि शक्य असेल तर दर तासामागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. मैत्री बहुतेक इथेच तुटते.

प्रश्न (मूल, जि. चंद्रपूर): जुन्याच्या भानगडीत न पडता नव्या पिढीचं घेतलं तर? डायमंड आणि टेकनाम अशी नावं ऐकली. म्हणे साध्या पेट्रोलवर चालतं!

उत्तर: दोन्ही चांगली आहेत, पण इंधनाचं नीट समजून घ्या.

टेकनाम पी२००६टी ला १०० हॉर्सपॉवरची दोन रोटॅक्स इंजिनं, दोन्ही मिळून तासाला ३४-३५ लिटरमध्ये भागते, म्हणजे एका इंजिनाच्या सेस्ना १७२ एवढंच. कागदावर ते मोटारीच्या पेट्रोलवर चालतं हे खरं, पण रोटॅक्सची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे आणि आपल्या पंपावर आता २० टक्केवालं मिळते. तेव्हा मूलच्या पंपावरून कॅन भरून आणायचं डोक्यातून काढून टाका. अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल, लागेल. ते पूर्वी बाहेरूनच यायचं, सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवते, पण प्रत्येक विमानतळावर ते मिळत नाही. घ्यायच्या आधी तुमच्या जवळच्या पट्टीवर बॅरल कोण, किती दिवसांत पोचवतो ते विचारा.

डायमंड डीए४२ डिझेल इंजिनांचं, मोठ्या जेटचं जे इंधन तेच त्याला चालतं, त्यामुळे नागपूरला कधीही भरा. गोंदियाच्या बिरसीला पायलट घडवायला हीच वापरतात, म्हणजे ते विमान ओळखणारे हात आपल्या विदर्भात आहेत, आणि माझ्या मते खेड्यातल्या मालकासाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पण जुनं डीए४२ घेताना इंजिन थिलर्टचं सेंचुरियन १.७ आहे का पाहा. ती कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, मालक पार्टसाठी अडकले, त्या इंजिनाचा गिअरबॉक्स तर ३०० तासांनी काढावा लागायचा. पुढे डायमंडनंच ऑस्ट्रो इंजिनं आणली, घ्यायचं तर ती असलेलं घ्या. आणि भरताना स्वतः उभे राहा. पेट्रोलच्या विमानात जेटचं इंधन गेलं तर इंजिन टेकऑफलाच बसतं, आणि टाक्यांत तेच असल्यानं दोन्ही सोबतच बसतात. तिथे दोन इंजिनं असूनही उपयोग नाही.

स्वस्त म्हणाल तर यातलं एकही नाही, नवं तर कोटींतच. एक साधी गोष्ट पाहा ना, एअर इंडियानं बेलोऱ्याच्या पायलट शाळेसाठी ३४ विमानं मागवली, त्यात ३१ एका इंजिनाची आणि दोन इंजिनांची फक्त ३. एवढी मोठी कंपनीसुद्धा दोन इंजिनांचे तास मोजून वापरते.

प्रश्न (वरूड, जि. अमरावती): घरची ४० एकर संत्रा आहे. शेतातच पट्टी केली तर चालेल का? आणि सीझनमध्ये व्यापाऱ्यांना भाड्यानं नेलं तर खर्च निघेल का?

उत्तर: भाड्यानं अजिबात नाही. खाजगी विमानात आणि पीपीएलवर पैसे घेऊन माणूस नेता येत नाही, त्याला नॉन शेड्युल्ड ऑपरेटर परमिट आणि कमर्शियल पायलट लागतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारेल.

शेतातल्या पट्टीला परवानग्या लागतात, आणि मिळाल्या तरी काळ्या मातीवर दोन इंजिनांचं विमान नको. जूनमध्ये चाक रुततं, एप्रिलमध्ये भेगा, आणि खडा उडून प्रोपेलरच्या धारेला लागला की नुकसान, तेही दोन प्रोपेलरला. त्यात रोही आणि रानडुक्कर. संध्याकाळच्या वेळी पट्टीवर रोही आलेला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. विमान बेलोऱ्याला किंवा नागपूरला ठेवा आणि घरून गाडीनं जा. दर वेळी फ्लाइट प्लॅन आणि एअर डिफेन्स क्लिअरन्सचा नंबर लागतोच, आणि व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर पाहून, उडायचं तर सूर्यास्तानंतर २० मिनिटांच्या आत खाली.

प्रश्न (आमगाव, जि. गोंदिया): माझी मुलगी बारावी सायन्स झाली, पायलट व्हायचं म्हणते. एक जण म्हणाला शाळेची फी भरण्यापेक्षा दोन एकर विकून स्वतःचं जुनं ट्विन घ्या, त्याच्यावरच शिकेल आणि नंतर विकून टाका. खरं आहे का?

उत्तर: दादा, असं करू नका. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले बहुतेक एका इंजिनावरच होतात, दोन इंजिनांचे थोडेच, शेवटी शेवटी. शिवाय शिकवायला डीजीसीएनं मान्य केलेली संस्था पाहिजे, घरच्या विमानावर कोणी इन्स्ट्रक्टर आणून बसवला की झालं असं होत नाही. आणि विमान विकायला काढलं की घेणारा माझ्यासारखाच कोणीतरी फिल्टर कापायला येईल, तेव्हा दोन एकर परत येत नाहीत.

पोरीची जिद्द आहे तर तिला थांबवूही नका. पण जमिनीचा किंवा फीचा एक रुपयाही द्यायच्या आधी डीजीसीएच्या मान्य डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल करा, ते झालं की लगेच क्लास वनची तारीख घ्या, कारण लायसन्सला शेवटी तेच लागते. डोळे, कान, ईसीजी सगळं त्यातच कळते. त्याचे कागद हातात आले की मला परत लिहा, मग संस्था कशी निवडायची आणि फीचे हप्ते कसे बांधून घ्यायचे ते पुढच्या अंकात सविस्तर सांगतो. तोवर तिला मेटिओरॉलॉजी आणि एअर नेव्हिगेशन घरी बसून वाचायला लावा, त्याला विमान लागत नाही.